एक्स-रेत न दिसणारे दुखणे

इंग्रजीत ज्याला 'व्हिपलॅश' म्हणतात त्याला मराठीत रुळलेला शब्द नाही. व्हिप म्हणजे आसूड, लॅश म्हणजे त्याचा फटका. आसूड ओढणाऱ्याची मूठ थोडीशीच हलते, टोक मात्र सपकन जाऊन येते. मागून धडक बसलेल्या मोटारीत माणसाच्या डोक्याचे तसेच होते, एवढीच त्या शब्दामागची कल्पना. उर्दूत आम्ही 'गर्दन का झटका' म्हणतो, मराठीत 'मानेला हिसका बसला' म्हणतात. दोन्ही भाषा शिकवणारी म्हणून मला विचाराल तर 'हिसका' हाच शब्द बरा. आसूड मराठी वाचकाला महात्मा फुल्यांमुळे ठाऊक आहे, त्याला तिथेच राहू द्यावे.

व्हिपलॅश शब्दाचे श्रेय हॅरॉल्ड क्रो या अमेरिकन हाडांच्या डॉक्टरांना दिले जाते. 1928 साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या अस्थिशल्यतज्ज्ञांच्या सभेत मोटार अपघातानंतरच्या मानेच्या दुखापतींबद्दल बोलताना त्यांनी तो वापरला. मान कशी हलते एवढेच त्यांना सांगायचे होते. पण डॉक्टर, रुग्ण आणि वकील अशा तिघांनीही तो शब्द रोगाचे नाव म्हणून उचलला, आणि पुढे खुद्द क्रो यांनी आपण हा शब्द वापरला याची खंत व्यक्त केली. एखादा शब्द जन्माला घालणाऱ्यालाच नकोसा व्हावा, अशी उदाहरणे भाषेच्या इतिहासात फार नसतील.

या विषयाच्या वाटेला मी गेले ते नाइलाजाने. दीड वर्षापूर्वी टोलनाक्याच्या रांगेत आमची मोटार उभी असताना मागून एक टेम्पो येऊन आदळला. रक्त नाही, साधे खरचटलेही नाही. बंपर चेपला, दोन्ही चालकांची पाच मिनिटे बाचाबाची झाली आणि आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी फजरला उठले तर मान वळेना. सलाम फेरताना उजवीकडचा खांदा कसाबसा दिसला, डावीकडे चेहरा चार बोटेही सरकला नाही. दवाखान्यात एक्स-रे काढला. तो उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं नाही." गळ्यात घालायला मऊ पट्टा दिला, गोळ्या दिल्या, आराम सांगितला.

त्यानंतरचे दोन महिने मला एकच प्रश्न ऐकू येत होता. शाळेत सहकाऱ्यांनी विचारला, शेजारच्या खालाजींनी विचारला, नणंदेने फोनवर विचारला, "एक्स-रेत काही आलं का?" नाही म्हटले की समोरच्याचा चेहरा बदलायचा. हाड मोडले असते तर घरात कुणी मला पाण्याची बादली उचलू दिली नसती. न दिसणाऱ्या दुखण्याला मात्र प्रत्येक वेळी नव्याने पुरावा द्यावा लागतो, आणि बाईने तो दिला तर थोडा कमीच धरला जातो. हा प्रश्न मुळात कुठून आला ते शोधत गेले तेव्हा मोटारीच्या आधी रेल्वे लागली.

आपल्याकडे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. विलायतेत तोवर रेल्वेचे जाळे पसरले होते आणि अपघातही. 9 जून 1865 रोजी केंट परगण्यात स्टेपलहर्स्ट येथे पुलाच्या दुरुस्तीसाठी रूळ काढलेले असताना वेळापत्रक चुकले आणि फोकस्टनहून लंडनला जाणारी गाडी खाली कोसळली. 10 माणसे मेली, 40 जखमी झाली. त्या गाडीत चार्ल्स डिकन्स होते. त्यांना इजा झाली नाही. हॅटमध्ये पाणी भरून आणून ते जखमींना पाजत राहिले, लटकलेल्या डब्यात पुन्हा चढून आपल्या कादंबरीचे हस्तलिखितही त्यांनी बाहेर काढले. नंतर मात्र काही दिवस त्यांचा आवाजच गेला. पुढे आयुष्यभर रेल्वेत बसले की ते घाबरेघुबरे होत. त्या अपघाताला बरोबर पाच वर्षे झाली त्याच तारखेला, 9 जून 1870 रोजी, ते वारले.

डिकन्स यांच्यासारखी माणसे त्या काळात हजारोंनी होती. अपघातातून चालत बाहेर आलेली, आणि नंतर मान, पाठ, झोप आणि स्मरणशक्ती यांच्या तक्रारी घेऊन डॉक्टरकडे जाणारी. 1866 साली लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिकसेन यांनी अशा रुग्णांवर पुस्तक लिहिले. गाडीच्या धक्क्याने पाठीचा कणा आणि त्यातील मज्जारज्जू हादरतो, बाहेरून काही दिसत नसले तरी आत बिघाड होतो, असा त्यांचा सिद्धांत. लोकांनी त्या दुखण्याला 'रेल्वे स्पाइन' म्हणायला सुरुवात केली आणि एरिकसेन यांचे पुस्तक नुकसानभरपाईच्या खटल्यांत वकिलांच्या हातात दिसू लागले. रेल्वे कंपन्यांनाही उत्तर हवे होते. ते 1883 मध्ये हर्बर्ट पेज यांनी दिले. कण्यात बिघाड वगैरे काही नाही, हा सारा भीतीचा, मनाला बसलेल्या धक्क्याचा परिणाम आहे, असे त्यांचे म्हणणे. पेज विद्वान होते, त्यांच्या युक्तिवादात दमही होता. ते लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे शल्यविशारद होते, हेही त्याच दमात सांगायला हवे.

रंजक भाग असा की एक्स-रेचा शोध लागायला अजून 12 वर्षे बाकी होती. राँटगेन यांनी तो 1895 मध्ये लावला. म्हणजे 'दिसत नाही, तर आहे कशावरून?' हा वाद यंत्राच्याही आधीचा आहे. यंत्राने त्याला फक्त काळी फिल्म पुरवली.

विसाव्या शतकात रेल्वेची जागा मोटारीने घेतली आणि खटलेही तिकडे सरकले. 1953 साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात गे आणि ॲबट या दोघांनी मानेच्या या दुखापतीवर लेख लिहिला, तेव्हापासून 'व्हिपलॅश' हे नाव घरोघरी पोचले. गळ्यातला पट्टा हळूहळू विनोदाचा विषय झाला. परदेशी चित्रपटात कोर्टात पट्टा घालून बसलेला आणि बाहेर येताच तो काढून फेकणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. खोटे दावे करणारे होते आणि आहेत, यात शंका नाही. पण त्यांच्यामुळे खऱ्या दुखणेकऱ्याची जी परवड झाली, तिचा हिशेब कुणी मांडत नाही.

या वादाचे टोक 1996 साली दिसले. त्या वर्षी दोन शोधनिबंध आले आणि दोन्ही गाजले. पहिला 'लॅन्सेट'मध्ये, लिथुआनिया देशातला. तिथे त्या काळी मोटार विम्याची भरपाई मागण्याची पद्धत फारशी रुजलेली नव्हती. पोलिसांच्या नोंदींवरून मागून धडक बसलेली 202 माणसे शोधून काढली आणि एक ते तीन वर्षांनी त्यांना मानेबद्दल विचारले. अपघात न झालेल्या लोकांपेक्षा त्यांच्यात जुनाट मानदुखी लक्षणीय जास्त आढळली नाही. झाले, विमा कंपन्यांना हर्ष झाला. 'भरपाई नाही तिथे दुखणेही नाही' असा त्याचा सोपा अर्थ काढला गेला. टीकाकारांनी दाखवून दिले की त्या 202 जणांपैकी बहुतेकांची मान अपघातानंतरही दुखलेली नव्हती, तेव्हा जुनाट दुखण्याचा निकाल लावायला ही संख्या अपुरी आहे. टीका सहसा तेवढी दूर पोचत नाही.

दुसरा निबंध ऑस्ट्रेलियातल्या न्यूकासल विद्यापीठाचा. निकोलाय बोगडुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. मानेच्या मणक्यांना मागच्या बाजूला दोन्हीकडे छोटे सांधे असतात, करंगळीच्या नखाएवढे. मोटार अपघातानंतर वर्षानुवर्षे दुखत असलेल्या 24 रुग्णांत त्यांनी आधी तपासून दुखणारा नेमका सांधा शोधला. मग निम्म्यांच्या बाबतीत त्या सांध्याची बारीक नस सुईने तापवून बंद केली. उरलेल्यांना तीच सुई टोचली, पण तापवली नाही. कुणाला काय मिळाले ते रुग्णांना ठाऊक नव्हते. खरा उपचार झालेल्यांचे दुखणे निम्म्यावर परतायला सरासरी 263 दिवस लागले, खोट्या उपचारवाल्यांचे 8 दिवसांत परतले. एक्स-रेत या सांध्यात काही दिसत नव्हते. दुखणे तिथेच होते.

पुढच्याच वर्षी, 1997 मध्ये, अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेत नेमके काय घडते ते दाखवले. पंजाबी मूळचे भारतातले. मृत व्यक्तींनी विज्ञानासाठी दिलेल्या मानेच्या मणक्यांवर त्यांनी धडकेचे प्रयोग केले. तोवर समज असा होता की डोके मागे फेकले जाते आणि मान मागे मोडते. प्रत्यक्षात आसनाची पाठ माणसाचे धड पुढे ढकलते, चार-पाच किलोंचे डोके क्षणभर होते तिथेच राहते, आणि त्या क्षणी मान इंग्रजी 'एस' अक्षरासारखी होते. वरचे मणके पुढे वाकतात, खालचे मागे. खालच्या सांध्यांवर त्यांच्या मर्यादेबाहेर ताण येतो. हे सगळे सेकंदाच्या दहाव्या भागात उरकते. 'अरे' म्हणायलाही वेळ नसतो, मग स्नायू आवळून मान सांभाळणे दूरच.

आता उपचाराकडे येते. इथे मला आपल्या हकिमांपासून सुरुवात करायची आहे, पण आधी एक गोष्ट बाजूला करते. 'नमाज ही जगातली पहिली फिजिओथेरपी' असा संदेश माझ्या मोबाइलवर वर्षातून चार वेळा येतो. नमाज इबादत आहे, ती व्यायामासाठी नाही. आणि ज्याची मान किंवा गुडघा चालत नाही त्याला दीनने आधीच मोकळीक दिली आहे. सहाबी इम्रान बिन हुसैन आजारी होते तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना उभे राहून नमाज पढायला सांगितले, ते जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर कुशीवर. ही हदीस बुखारीत आहे. शरीराची अडचण सांगणाऱ्याकडून त्यात कोणताही पुरावा मागितलेला नाही, हे मला आजारपणात वाचताना पहिल्यांदा जाणवले.

हकिमांचे खरे काम सांगण्यासारखे आहे, त्याला फुगवायची गरज नाही. कुर्तुब्याजवळच्या अज्-जहरा इथले अबुल कासिम अज्-जहरावी यांचा मृत्यू 1013 च्या सुमाराचा. त्यांच्या 'अत्-तसरीफ' या 30 भागांच्या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे आणि त्यातला तिसरा विभाग मोडलेल्या हाडांचा आणि निखळलेल्या सांध्यांचा. मान किंवा पाठीचा मणका पूर्ण निखळला तर इलाज नाही, मृत्यू लवकर येतो, असे ते सरळ सांगतात. ज्यात इलाज आहे त्यासाठी रुग्णाला बाकावर पालथे झोपवून दोन्हीकडून ताण देण्याची रीत ते वर्णन करतात. ही मूळची ग्रीकांची, हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतली. त्यांनी ती तपासून, लिहून पुढे दिली. इब्न सीना (980-1037) यांच्या 'अल-कानून फित-तिब' मध्ये मानेच्या सात मणक्यांच्या रचनेवर मजकूर आहे आणि पहिल्या खंडात 'रियाजत' म्हणजे व्यायाम आणि 'दलक' म्हणजे मालिश यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. दलक कठोर कधी, मऊ कधी, किती वेळ, याचा विचार त्यात आहे. युनानी दवाखान्यात आजही 'इलाज बित-तदबीर' या नावाखाली हे सगळे चालते. दोन्ही ग्रंथ बाराव्या शतकात तोलेदो इथे लॅटिनमध्ये गेले आणि युरोपातल्या वैद्यकाचे विद्यार्थी शतकानुशतके ते वाचत राहिले.

माझ्या आवडीचा माणूस मात्र तिसरा आहे. अनातोलियातल्या अमास्या शहरातले शरफुद्दीन साबुंजुओग्लू. 1465 साली त्यांनी शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहून सुलतान मुहम्मद फातिह यांना अर्पण केला. मजकूर बराचसा जहरावींचा, पण दोन गोष्टी नव्या. एक, उपचार करताना हकीम कुठे उभा आहे, रुग्ण कसा पडला आहे, हात कुठे आहेत हे दाखवणारी रंगीत चित्रे. त्यांत इलाज करणाऱ्या स्त्रियाही आहेत. दुसरी गोष्ट भाषेची. विद्वानांची भाषा अरबी असताना त्यांनी तुर्कीत लिहिले, कारण त्यांच्या मुलखातले लोक तुर्की बोलत होते आणि जखमा बांधणाऱ्या कारागिरांपैकी ज्यांना वाचता येत होते ते तुर्कीच वाचत होते. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला 'उर्दूत का नाही?' असे विचारणारे अजून भेटतात. त्यांना मी आता अमास्याचा पत्ता देते.

आजची फिजिओथेरपी मात्र या हकिमांची थेट लेक नव्हे. ती स्वीडन, इंग्लंड आणि युद्धांतून आली. 1813 साली पेर हेन्रिक लिंग यांनी स्टॉकहोमला व्यायामशास्त्राची संस्था काढली आणि तिथून उपचारासाठी हालचाल ही कल्पना पसरली. 1894 मध्ये लंडनला मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या वाईट धंद्यांचा गवगवा झाला, तेव्हा चार परिचारिकांनी एकत्र येऊन प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. आपले काम इभ्रतीचे आहे हे जगाला पटवणे हा तिचा पहिला उद्देश. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे हातपाय हलते करताना त्यांनी ते पटवून दिले. 1920 मध्ये संस्थेला राजाची सनद मिळाली.

भारतात ही विद्या आली ती मोटार अपघातांसाठी किंवा मानेसाठी नव्हे, पोलिओसाठी. आणि या कथेत एक मुसलमान बाई आहे, जिचे नाव आपल्या मुलींच्या पाठ्यपुस्तकात असायला हवे होते. फातेमा इस्माईल. स्वातंत्र्य चळवळीतल्या कार्यकर्त्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. ठिकठिकाणी निराशा पदरी आली, शेवटी मद्रासचे डॉ. एम. जी. किणी यांच्या उपचारांनी आणि नेमाने करून घेतलेल्या व्यायामांनी मुलगी पुन्हा पायावर उभी राहिली. एखादी आई इथे शुक्राने की नमाज पढून थांबली असती. फातेमाबाईंनी विचार केला की ज्यांना मद्रासला जाणे परवडत नाही त्यांच्या मुलांचे काय? 1947 साली, देश फाळणीत होरपळत असताना, त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला आणि अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभारली. हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय याच संस्थेचे. 1958 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, नंतर त्या राज्यसभेवरही गेल्या.

1952 मध्ये मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. हात होते, शिकवलेले हात नव्हते. त्यानंतर परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली. 1955 मध्ये फिजिओथेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना झाली. आज तालुक्याच्या गावात 'फिजिओ क्लिनिक'ची पाटी दिसते, तिचा वंश शोधत मागे गेले तर तो पोलिओ झालेल्या मुलांच्या खाटांपाशी पोचतो.

गळ्यातल्या पट्ट्याचे राज्य मात्र अजून चालूच होते. हिसका बसला की पट्टा बांधा आणि पडून राहा, हा जगभरचा रिवाज. त्याला धक्का दिला 1986 साली डब्लिनमधल्या एका छोट्या अभ्यासाने. 61 रुग्ण. निम्म्यांना पट्टा आणि दोन आठवडे आराम. बाकीच्यांना पहिला दिवस बर्फ आणि मग लगेच मानेची हळूहळू हालचाल. आठ आठवड्यांनी हालचालवाल्यांचे दुखणे कमी होते आणि मान जास्त वळत होती. 1989 मध्ये बेलफास्टचा निष्कर्ष आला, तो फिजिओथेरपिस्टांनाही विचारात पाडणारा होता. दोन वर्षांनंतर तक्रार शिल्लक असलेल्यांचे प्रमाण आराम सांगितलेल्यांत 46 टक्के, दवाखान्यात हाताने उपचार घेतलेल्यांत 44 टक्के, आणि 'घाबरू नका, हे व्यायाम घरी करा' एवढे नीट समजावून सांगितलेल्यांत 23 टक्के.

1995 मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात तज्ज्ञांच्या गटाने या विषयावरचे दहा हजारांहून अधिक लेख चाळले आणि त्यातले भरवशाचे असे जेमतेम 62 निवडले. त्यांचाही सूर तोच, लवकर नेहमीच्या कामाला लागा. त्यांनी दुखापतीच्या पायऱ्या ठरवल्या, त्या वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली पायरी, नुसते दुखणे आणि आखडणे. दुसरी, डॉक्टरला तपासताना जाणवणारी मर्यादा किंवा दुखरी जागा. तिसरी, नसांची लक्षणे, म्हणजे हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणे. चौथी, मोडलेले किंवा निखळलेले हाड. हालचालीचा सल्ला पहिल्या दोन पायऱ्यांचा आहे. हात लुळा पडतो आहे, चालताना तोल जातो आहे, लघवीवर ताबा राहत नाही, असे काही असेल तर व्यायाम नको, मालिशवाला नको, हाडवैद तर मुळीच नको. तडक मोठ्या रुग्णालयात जावे. आमच्या भागात मान 'काडकन' मोडून देणारे दोन न्हावी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या खुर्चीत हिसका बसलेली मान घेऊन बसणे म्हणजे जिवाशी खेळ.

माझी मान दुसऱ्या पायरीची निघाली. तिसऱ्या आठवड्यात एका मैत्रिणीने फिजिओथेरपिस्टकडे नेले. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी. तिने एक्स-रे मागितलाच नाही. अपघात कसा झाला, मी कुठे बसले होते, डोके कुठे वळवलेले होते, रात्री कोणत्या कुशीवर जाग येते, फळ्यावर लिहिताना काय होते, हे अर्धा तास विचारत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, दुखतंय ते खरं आहे. पण मान काही काचेची नाही, वळवली म्हणून फुटणार नाही." पट्टा आठवडाभरात थोडा थोडा कमी करत काढायला लावला.

व्यायाम असे होते की पाहणाऱ्याला हसू यावे. ताठ बसून हनुवटी मागे घ्यायची, जणू समोरून कुणी नकोशी मिठाई तोंडाशी आणली आहे. मान उजवीकडे-डावीकडे, ताण जाणवेपर्यंत, दुखेपर्यंत नव्हे. तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला ढकलायचे, दोघांनीही जागचे हलायचे नाही. खांद्याची पाती मागे आवळायची. दर दोन तासांनी दहा वेळा. शाळेत तास संपल्याची घंटा हीच माझी घंटा झाली. भाकरी थापताना मान खाली जाते म्हणून अम्मीने परात ओट्यावर उंच पाटावर ठेवून दिली. उत्तरपत्रिका मांडीवर न तपासता उभ्या पुठ्ठ्यावर टेकवून तपासल्या. डाव्या खांद्यापर्यंत चेहरा पोचायला अकरा आठवडे लागले. ते मोजायला वेगळे साधन लागले नाही, दिवसातून पाच वेळा आपोआप मोजले जात होते.

फिजिओथेरपीने सगळ्यांचे सगळे बरे होते असे लिहिणे खोटे ठरेल. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या 172 जुनाट रुग्णांच्या अभ्यासात व्यायामाची 20 सत्रे आणि अर्ध्या तासाचा एकच सल्ला व फोनवर पाठपुरावा, यांच्या परिणामात फारसा फरक आढळला नाही. काहींचे दुखणे दोन्हींनी हलले नाही. माझ्या त्या पहिल्या अर्ध्या तासात किती टक्के उपचार होऊन गेला असेल, हा हिशेब मी अधूनमधून करत असते.

हिसका बसूच नये म्हणून काय, हा प्रश्न उरतो. अमेरिकेने 1969 पासून नव्या मोटारींत डोक्यामागे टेकू सक्तीचा केला. त्याला आपण 'हेडरेस्ट' म्हणतो आणि डोके टेकून झोपायची सोय समजतो. त्याचे काम धडकेच्या त्या दहाव्या भागात डोके अडवण्याचे आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस व्होल्व्हो आणि साब या स्वीडिश कंपन्यांनी धडकेबरोबर आसनाने किंवा टेकूने स्वतःच हलावे अशी रचना आणली. दुखापती कमी झाल्या, पण पुरुषांच्या तुलनेत बायकांना त्याचा फायदा कमी झाला. ही दुखापत मुळात बायकांनाच जास्त होते. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. चाचणीत आसनावर बसवलेला पुतळा सरासरी पुरुषाच्या मापाचा होता. स्वीडनच्या संशोधक ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने सरासरी स्त्रीच्या उंची-वजनाचा आणि बांध्याचा पुतळा 2022 साली जगासमोर ठेवला. 1928 मध्ये नाव मिळालेल्या दुखण्याला बाईचा पुतळा मिळायला 94 वर्षे लागली.

टेकूचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या पातळीला असावा आणि डोक्याच्या मागे होईल तेवढा जवळ. भाड्याच्या मोटारीत तो बहुधा खाली दाबलेला असतो, कधी त्यावर टॉवेल घडी करून बांधलेला असतो, आणि मागच्या मधल्या जागेवर, जिथे घरातल्या बायकांना बसवतात, तिथे पुष्कळ मोटारींत तो नसतोच.